अडवलेला उतारा

*मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका लहान गावाची सरपंच आहे. जागा महिलांसाठी राखीव निघाली, घरच्यांनी उभं केलं आणि थेट जनतेतून निवडून आले. पहिलं वर्षभर कारभार मालकांनीच पाहिला. माझ्या डिजिटल सहीचं डोंगलसुद्धा, म्हणजे बिलांवर सही करायची ती पेनड्राइव्हसारखी वस्तू, त्यांच्याच खिशात असायची. एकदा एका बिलाचं मी विचारलं, की हे काम कुठे झालंय, तर कोणालाच धड सांगता येईना. त्या दिवसापासून डोंगल माझ्या पर्समध्ये आहे आणि खुर्चीवर मी बसते.*

*प्रचारात माझ्या चुलत जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "हिला भाकर धड भाजता येत नाही, ही गाव काय चालवणार?" आता त्यांना नव्या घराच्या वीजमीटरसाठी नमुना आठचा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा, उतारा हवाय. मी ग्रामसेवकांना एवढंच म्हणाले, "राहू द्या जरा." आज तेविसावा दिवस आहे. त्या तीनदा येऊन बाकावर बसून गेल्या. तिसऱ्या वेळी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. त्या रात्री मात्र झोप लागली नाही.*

*मालक म्हणतात, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. मलाही वाटतं, मी ढिली पडले तर लोक मऊ लागलं म्हणून कोपराने खणतील. पण ज्यांचा मला राग यायचा त्यांच्यासारखीच मी होत चालले आहे का? आणि माफी मागितली तर सरपंच म्हणून माझी किंमत राहील का?*

सरपंचताई,

पत्र लिहिलंत तेव्हा तेविसावा दिवस होता. हे तुमच्या वाचनात येईपर्यंत आणखी काही दिवस गेले असतील. म्हणून आधी कामाचं. वाचणं इथेच थांबवा, ग्रामसेवकांना फोन लावा आणि तो उतारा आजच्या आज द्यायला सांगा. बाकीचं बोलणं त्यानंतर.

फोन झाला असेल तर आता एक गोष्ट नीट पाहू. त्या उताऱ्यावर सही तुमची लागतच नव्हती. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. ग्रामपंचायतीच्या ज्या सेवा त्यात येतात, त्यांत नमुना आठचा उतारा आहे आणि तो ठरलेल्या मुदतीत देण्याची जबाबदारी ग्रामसेवकांवर आहे. तो अडवण्याचा अधिकार तुम्हाला कुठल्याच कलमाने दिलेला नाही. तरीही तुम्ही तीन शब्द बोललात आणि कागद थांबला. हा अधिकार आला कुठून?

तो ग्रामसेवकांच्या अंदाजातून आला. सरपंचांची मर्जी काय आहे हे त्यांनी ओळखलं आणि तेवढं पुरलं. खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाकडे असे दोन अधिकार असतात. एक कागदावरचा. त्याला ठराव लागतो, तारीख लागते, पुढे ऑडिट होतं, कोणी माहिती अधिकारात मागितलं तर दाखवावंही लागतं. दुसरा अधिकार आजूबाजूची माणसं आपल्या तोंडाकडे बघून आपल्याला देऊन टाकतात. त्याची कुठेच नोंद होत नाही. नुसती भुवई हलली तरी तो चालतो. माणूस बिघडतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या अधिकाराने, आणि तो कधी बिघडला हे त्याला स्वतःला कळत नाही, कारण त्याने काही केल्याचा पुरावा त्याच्यासमोरही नसतो. "मी कुठे काय केलं, मी फक्त जरा राहू द्या म्हणाले." तुम्हाला झोप लागली नाही, म्हणजे तुम्हाला कळलं. असेच तीन शब्द बोलून वर्षानुवर्षं गाढ झोपणारी माणसं मी पाहिली आहेत.

त्यातली एक काही काळ मी होते. मी जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक होते. शाळेचं नाव सांगत नाही, चूक शाळेची नव्हती. विस्तार अधिकारी आले असताना एका तरुण शिक्षकाने माझ्या पटसंख्येच्या आकड्यातली चूक सगळ्यांसमोर दाखवली. चूक खरी होती. पुढच्या वर्षी वर्गवाटप करताना मी त्याला पहिली-दुसरी एकत्र दिली आणि वर शालेय पोषण आहाराचं सगळं रेकॉर्डही त्याच्याच गळ्यात घातलं. कोणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं की तरुण आहे, उत्साही आहे. कोणी विचारलं नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांना खरं कारण ठाऊक होतं.

मला वाटलं होतं आता शिस्त बसेल. बसली. त्यानंतर दोन वर्षं माझी एकही चूक मला कोणी दाखवली नाही. मग एका तपासणीत तांदळाच्या साठा नोंदवहीत आणि प्रत्यक्ष शिल्लक पोत्यांत फरक निघाला. नोंदवही जुन्या पानावरून पुढे ओढताना एक बेरीज चुकली होती आणि ती महिनोन्महिने तशीच पुढे गेली होती. नंतर कळलं की निम्म्या स्टाफला तो फरक माहीत होता. त्या तरुण शिक्षकालाही. कोणी मला सांगितलं नाही. का सांगतील? सांगणाऱ्याचं काय होतं ते मीच त्यांना शिकवलं होतं. नोटीस माझ्या नावाने आली, ती योग्यच होती.

हे एवढं लांबवून सांगते आहे कारण उतारा अडवल्याचं नुकसान जाऊबाईंपुरतं नाही. त्या बाकावर बसलेल्या असताना ऑफिसात आणखी कोण होतं ते आठवा. शिपाई असेल, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी असेल, कर भरायला आलेलं कोणी असेल. या सगळ्यांनी पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं. उद्या गावाच्या टाकीत जंतुनाशक पावडर वेळेवर पडत नसेल, गटाराच्या कामात सिमेंट कमी पडत असेल, तर तुम्हाला येऊन सांगायचं की नाही याचा हिशेब ती माणसं आता करणार. तुम्ही डोंगल परत घेतलंत ते "हे काम कुठे झालंय?" या एका प्रश्नामुळे. तो प्रश्न विचारणाऱ्या बाईला खरी उत्तरं देणारी माणसं भोवती लागतील. ती घाबरली तर डोंगल पर्समध्ये असून उपयोग नाही.

शिवाजी महाराजांचं १६७० च्या दशकातलं एक पत्र आहे, चिपळूणच्या बाजूला छावणी होती तिथल्या अंमलदारांना लिहिलेलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच उधळलात तर पुढे कमी पडेल आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं धान्य, गवत, भाजी उचलायला लागाल, असं त्यात बजावलंय. जे हवं ते बाजारात जाऊन विकत घ्या. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, रात्री दिवे तसेच ठेवून निजू नका, उंदीर जळती वात पळवून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जातं. राज्य उभं करणारा माणूस उंदराने नेलेल्या वातीची काळजी करतोय. कुणब्याच्या लेखी राज्य म्हणजे त्याच्या गंजीशी येऊन उभा राहिलेला घोडेस्वार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. जाऊबाईंच्या लेखी आज सरकार म्हणजे तुमच्या ऑफिसातला तो बाक आहे.

आता त्या बरं वाटण्याबद्दल. त्याची लाज वाटून घेऊन तुम्ही स्वतःला कुढवू नये असं मला मनापासून वाटतं. चारचौघांत भाकरीवरून हिणवलं गेलं आणि वर्षभर स्वतःच्या सहीचं डोंगल दुसऱ्याच्या खिशात पाहिलं. त्या बाईला आज शिपाई उठून उभा राहतो, आपण बोलतो ते घडतं, याचा आनंद होणारच. तो आनंद तुमचा हक्काचा आहे. फक्त तो वेगळा काढून बघा. बिलावर प्रश्न विचारलात आणि सगळे गप्प झाले, तेव्हाही बरं वाटलंच असेल. ते बरं वाटणं आणि जाऊबाईंना तिसऱ्यांदा बाकावर बघून वाटलेलं, दोन्ही छातीत एकाच जागी जाणवतात म्हणून एकसारखी वाटतात. पहिल्यात तुम्हाला काहीतरी जमलं होतं. दुसऱ्यात समोरचीला काही करता येत नव्हतं. तुम्हाला झोप आली नाही ती दुसऱ्यामुळे. पहिल्याला हात लावू नका, त्याच्यावरच तुम्हाला पुढची वर्षं काढायची आहेत.

मऊपणाची भीती खरी आहे आणि बाई सरपंचाच्या बाबतीत ती जास्तच खरी आहे. पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, २०११ मध्ये महाराष्ट्राने बायकांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तरी गावात "सरपंच कोण?" विचारलं की अजून पुष्कळ ठिकाणी नवऱ्याचं नाव सांगतात. तेव्हा कडक राहाच. पण कडकपणा कोणावर खर्च करायचा हे ठरवा. उताऱ्यासाठी बाकावर बसलेल्या बाईवर कडक होण्यात काहीच जोर लागत नाही, तिच्या हातात तसंही काही नव्हतं. जोर लागतो तो काम न पाहता बिलावर सही मागणाऱ्या ठेकेदाराला "आधी रस्ता दाखवा, मग मोजमाप पुस्तिका दाखवा" म्हणायला. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेल्या मोठ्या घरांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवायला. त्या यादीत तुमचं सासरचं घर असेल तर ते पहिलं वाचायला, आणि त्याआधी ते भरून टाकायला. असं एकदा केलंत की कोणाचं कोपर तुमच्याकडे वळणार नाही. लोक कोपराने खणतात ते सरपंचाची जमीन कुठे कडक आणि कुठे मऊ हे माणूस बघून बदलतं तेव्हा.

मी तुम्हाला सांगू इच्छिते ते एवढंच आहे: जे लोकांच्या हक्काचं आहे त्यातून तुमची मर्जी पूर्ण काढून घ्या. दाखला, उतारा, नळाची दुरुस्ती, लाभार्थी यादीतला क्रमांक, या गोष्टी तुम्ही खूश असा की रागावलेल्या असा, तितक्याच दिवसांत व्हायला हव्यात.

हे नुसत्या चांगल्या मनावर सोडू नका, मन रोज चांगलं नसतं. कोणत्या सेवेला किती दिवस आणि किती फी, याचा फलक ऑफिसात असायला हवा. नसेल तर लावा, असला पण कपाटामागे गेला असेल तर दारापाशी आणा. प्रत्येक अर्जाची तारीखवार नोंद आणि अर्जदाराला पोच, हे आजपासून. दर मासिक सभेत त्या नोंदवहीतले मुदत उलटलेले अर्ज मोठ्याने वाचले जाऊ देत. आणि ग्रामसेवकांना एकांतात सांगा, "पुन्हा मी कधी राहू द्या म्हणाले तर मला तेवढंच लिहून मागा." यावर ते काय करतात ते बघा. पहिल्यांदा हसतील. दुसऱ्यांदा तुम्ही तेच बोललात तर विश्वास ठेवतील. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक सूड जागच्या जागी विरतात. माझ्या वर्गवाटपाचं खरं कारण मला कोणी लिहून मागितलं असतं तर माझी लेखणी उचलली नसती.

यात एक गोड फसगतही आहे, तिच्याबद्दल आधीच सावध करते. आता पश्चात्तापाच्या भरात तुम्हाला वाटेल की लोकांची कामं स्वतः हाताने करून द्यावीत. उतारा घरी नेऊन द्यावा, "ताईंनी करून दिलं" असं लोकांनी म्हणावं. तसं करू नका. अडवणारी आणि उपकार करणारी मर्जी एकाच झाडाची फळं आहेत. जिच्या हातून मिळालं तिच्याच हातून उद्या अडेल, हे घेणाऱ्याला कळतं आणि तो वाकूनच राहतो. लोकांना तुमच्या दारात न येता त्यांचं काम होताना दिसलं की सुरुवातीला तुमचं महत्त्व कमी झाल्यासारखं वाटेल. ते सोसा.

मग सरपंचाने करायचं काय, असं विचाराल. जे अजून कोणाच्याच हक्कात आलेलं नाही ते आणायचं. तिथे तुमची मर्जी, तुमची हिंमत, रागसुद्धा पूर्ण वापरा. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. त्या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं आपल्या गावात होणार नाही, एवढंच त्यात होतं. तेवढ्यावर त्याच महिन्यात राज्य सरकारला परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगावं लागलं. एका ग्रामपंचायतीचा ठराव. अधिकार तोच, जो तुमच्याकडे आहे.

दुसरं उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं, हिवरे बाजारचं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हा तो दुष्काळाने आणि भांडणांनी खंगलेला गाव होता. त्यांच्या पाणलोटाच्या कामाबद्दल सगळे बोलतात, ते बोलावं असंच आहे, पण मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियम. आपल्याच जमिनीत भोक पाडू नको असं शेतकऱ्याला सांगणं सोपं नाही. तो नियम टिकला, कारण पाऊस किती पडला आणि पाणी किती आहे याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेसमोर मांडला जातो आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरतं. नाही म्हणणारा आकडा सगळ्यांसमोर असतो. माणसाच्या नाकाला हात न लावता माणूस ऐकतो, हे तिथे गेली कित्येक वर्षं दिसतंय. मालकांना हे जरूर सांगा.

मालकांबद्दल तुम्ही फार काही लिहिलं नाहीत, म्हणून मीही थोडंच लिहिते. डोंगल परत देऊ नका, कौतुकाने मागितलं तरी आणि रुसून मागितलं तरी. पण त्यांनी वर्षभर तालुक्याच्या खेपा घातल्या असतील, पंचायत समितीत कोण कुठल्या टेबलावर बसतं हे त्यांना माहीत असेल. ती माहिती मागून घ्या, वहीत लिहून घ्या. त्यांच्याशी घरात तुमचं वागणं आणि ऑफिसात जाऊबाईंशी तुमचं वागणं यांचा संबंध आहे असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं. मालकांवर जो राग काढता येत नाही, तो बाकावर बसलेल्या बाईवर निघाला असेल. माझं चुकत असेल तर सोडून द्या.

तुम्ही त्यांच्यासारख्या होत चालल्या आहात का? त्या एका गोष्टीत, हो, झालात. लिहून विचारलंत, म्हणजे अजून परत फिरण्याइतक्या जवळ आहात.

शेवटी माफीचं. मागा. पण ग्रामसभेत नाही आणि माणसं बरोबर घेऊनही नाही. सभेत मागितलेली माफी जाऊबाईंना सगळ्यांदेखत "बरं बरं, असू द्या" म्हणायला भाग पाडते, तीही एक जबरदस्तीच. त्यांच्या घरी एकट्या जा, संध्याकाळी, त्यांची कामं आवरल्यावर. फोटो नको, स्टेटस नको. सांगा की तुमचा उतारा मी मुद्दाम थांबवला होता, प्रचारातल्या बोलण्याचा राग होता, ते करायला नको होतं. कारण एका वाक्यात संपवा आणि त्याच्यापुढे "पण तुम्हीही" असं काही जोडू नका. भाकरीचा विषय त्यांनी काढला तर ऐकून घ्या. त्या माफ करतीलच असं नाही. गावभर सांगतीलही की सरपंच पाया पडायला आली होती. सांगू देत. तीनदा हेलपाटे मारलेल्या बाईला तेवढं बोलायचा हक्क आहे. किंमत राहील का, असं विचारलंत. गावात सगळ्यांना जे आधीच माहीत आहे ते तुम्ही स्वतःच्या तोंडाने बोललात, एवढंच होईल, आणि ज्यांना तुम्हाला पुढे काही खरं सांगायचंय त्यांना ते ऐकू येईल.

पुढच्या ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. ती नुसती सह्या फिरवून उरकू नका. नमुना आठला नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावण्याचा विषय तिथे घ्या, सभेची वेळ बायकांच्या सोयीची ठेवा, आणि नोटीस जाऊबाईंच्या घरीही पोचली का ते बघा. त्या आल्या आणि तुमच्याविरुद्ध बोलल्या तर इतिवृत्तात त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहायला लावा.

आणि त्यांच्या घरी जाल तेव्हा उतारा हातात घेऊन जाऊ नका. तो त्यांना ग्रामसेवकांकडून आधीच मिळालेला असू दे.